शहाण्णव वाफे

१ सप्टेंबर, रविवार

साहेबांनी आजपासून गवताची रोज नोंद ठेवायला सांगितलं. किती उंचीवर कापलं, किती पाणी दिलं, कुठे उखडलं. दुकानात एक वही आणायला गेलो आणि दोन घेऊन आलो. एक साहेबांच्या टेबलावर जाईल, ही माझ्यापाशी राहील. गावच्या शाळेत सातवीपर्यंत मला शुद्धलेखनात पैकीच्या पैकी मिळायचे. त्यानंतर हाताला लिहायचं काम फारसं पडलं नाही, तेव्हा अक्षर कसं येतं ते बघू.

नोंदीचं कारण असं की हंगाम सुरू झाल्यापासून आपल्या मैदानावरचे दोन्ही सामने आपला फुटबॉलचा संघ हरला आणि बाहेर जाऊन खेळलेले दोन्ही जिंकला. क्लबचे व्यवस्थापक, म्हणजे साहेब, म्हणाले की हे उलटं झालंय. घरच्या मैदानाचा फायदा व्हायचा तर तोटाच होतोय. प्रशिक्षक शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "आपल्या गल्लीत कुत्रंसुद्धा वाघ असतं म्हणतात. आपलं आपल्या गल्लीत मांजर झालंय." आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मते गवत जड झालंय, चेंडू पळत नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात समितीची बैठक आहे. तोवर घरचे निकाल सुधारले नाहीत तर गवत काढून प्लास्टिकचं अंथरायचं ठरतंय. प्लास्टिकला माळी लागत नाही. आणि माळी नाही तर मैदानाच्या कोपऱ्यातल्या या दोन खोल्या तरी कशाला, जिथे आम्ही एकोणीस वर्षं राहतोय. हे शेवटचं साहेब बोलले नाहीत. ते माझं मीच पुरं केलं.

हिला सांगितलं तर म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." एरवी हसलो असतो. पण अंगण माझं आहे.

८ सप्टेंबर, रविवार

तिसरा सामनाही हरलो. गवत पंचवीस मिलिमीटर कापलं होतं, पहाटे पाणी दिलं होतं, रोलर दोनदा फिरवला होता. देवासमोर बसलो तेव्हा मन नामावर राहीना, डाव्या गोलजवळच्या पिवळ्या पट्ट्यावर जाऊन बसत होतं.

ही सामन्याच्या दिवशी तिकीटखिडकीवर बसते. तिचं म्हणणं वेगळंच. पूर्वेच्या स्टँडचा हंगामाचा पास यंदा अडीचपट झाला. खुर्च्या विणणारे एक काका आहेत, वेताचं काम करतात. गेल्या वर्षी त्यांचा पास आठ दिवसांच्या कमाईत यायचा, यंदा वीस दिवसांची लागेल. खिडकीशी आले, पाटीवरचा आकडा दोनदा वाचला, बरं आहे म्हणाले आणि गेले. पूर्वेला चारशे माणसं बसायची. पास घेतले साठ-सत्तर जणांनी.

मी म्हटलं, दर ठरवणं माझं खातं नाही. माझं खातं पांढऱ्या रेघेच्या आतलं.

"बाजू रिकामी पडली तर ओरडणार कोण?" तिने विचारलं.

मी म्हटलं, गवताला काही कान नसतात. यावर ती भांडी घासायला उठली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मूळ सापडलं असं वाटतं. खेळाडूंच्या बुटांनी गवताच्या खपल्या निघतात, मुळासकट, तळहाताएवढ्या. त्या तिथल्या तिथे काट्याने उचलून, पायाने दाबून बसवल्या तर जगतात. तासभर उघड्या राहिल्या तर मेल्या. पूर्वी माझ्याबरोबर दोन मदतनीस होते. उन्हाळ्यात त्यांना कमी केलं. मी एकटा मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत किती दाबणार? चेंडू अडखळतोय तो त्या मेलेल्या खपल्यांवर.

साहेबांकडे मदतनीस मागितले. पैसे नाहीत म्हणाले. मग वर मागितले. देवा, चार हात दे, बाकी माझं मी बघतो.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मागच्या फाटकाशी एक बाई उभ्या होत्या. ओळखलं. पूर्वेच्या स्टँडमधल्या कंडक्टरबाई. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांचा आवाज असा, की म्हणे त्यांच्या बसला घंटी लागायची नाही. मागच्या दारातून बोलल्या की ड्रायव्हर थांबायचा. त्यांच्यामागे ते वेतवाले काका, टोपी हातात घेऊन.

"माळीदादा, फुकट आत सोडा असं म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "काम सांगा. काहीही सांगा."

क्लबच्या जुन्या नियमांत एक कलम आहे, मैदानावर राबेल त्याला सामना बघायची मुभा. ते आम्हा माळ्यांसाठीच होतं, पण शब्द तसे मोकळे आहेत. मी दोघांच्या हातांत काटे दिले. काकांची बोटं वेतामुळे इतकी सराईत, की पहिली खपली त्यांनी अशी बसवली, जशी कधी निघालीच नव्हती. बाईंना बजावलं, गवत दाबायचं असतं, चेपायचं नसतं. त्या म्हणाल्या, एकतीस वर्षं माणसं चेपली, सवय जायला वेळ लागेल.

चार हात मागितले होते, चारच आले. आज नाम घेताना डोळे भरून आले.

२२ सप्टेंबर, रविवार

बाईंनी आणखी नऊ जण आणले. सामन्याआधी तासभर, मध्यंतरात आणि संपल्यावर, तिन्ही वेळा सगळ्यांकडून काम करून घेतलं. कामाशिवाय एकालाही आत घेतलं नाही. मधल्या वेळात पूर्वेच्या पायऱ्यांवर बसू दिलं. एक-एक बरोबरी. घरच्या मैदानावरचा यंदाचा पहिला गुण.

साहेबांच्या वहीत अकराही जण लिहिले. नावापुढे कामधंदाही लिहिला, म्हणजे कुणाला शंका नको.

२९ सप्टेंबर, रविवार

संघ बाहेर खेळायला गेला होता, मैदान मोकळं होतं. माणसं आता तीस झालीत आणि सगळी एकाच ठिकाणी गर्दी करतात. एकाच खपलीवर चार-चार पाय. त्यावर उपाय सुचला. लहानपणी आमच्याकडे कांद्याचे वाफे पाडायचे आणि प्रत्येक भावंडाला एकेक नेमून द्यायचे. ज्याच्या वाफ्यात तण, त्याला बोलणी. मैदानाचेही तसेच दोरी लावून वाफे पाडले. लांबीत बारा, रुंदीत आठ, एकूण शहाण्णव. दोरी काढून घेतली तरी कडेच्या खुणांवरून कळतं. प्रत्येकाला आपला आकडा पाठ करायला लावला.

कंडक्टरबाईंना सत्तावन्न मिळाला. त्या म्हणाल्या, बसचा नंबरही सत्तावन्नच होता, फक्त ती एवढी हिरवी नव्हती.

६ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो. दोन-एक.

एक गोष्ट लिहून ठेवतो. पाहुण्या संघाचा एक आडदांड खेळाडू सत्तावन्न नंबरात पडला, आणि उठताना त्याने टाच रुतवली. कंडक्टरबाई पायऱ्यांवरून उभ्या राहिल्या. "ओ, माझ्या वाफ्यातून उठा. पुढे सरका, पुढे जागा आहे." सगळं मैदान हसलं, पंचसुद्धा. तो बिचारा सामना संपेपर्यंत त्या बाजूला फिरकला नाही.

मग बाकीच्यांचीही भीड चेपली. ज्याच्या वाफ्यात चेंडू येईल तो ओरडू लागला. आपल्या खेळाडूने चेंडू नीट खेळवला तर शाबासकी, दुसऱ्याने घसरून मुळं उपटली तर शिव्या. शिव्या देऊ नका म्हणून मी मध्यंतरात सांगितलं. पण मनातून गहिवरलो होतो. गवतावर एवढी माया मी माझ्या उभ्या आयुष्यात बघितली नव्हती.

हिला सांगितलं, बघ, मूळ गवतातच होतं. ती म्हणाली, "असेल बाई." तोंड फिरवून हसत होती, कशाला ते कळलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

शहाण्णव वाफे भरले. काही जण नंबर लागण्याची वाट बघताहेत. आज तीन-शून्य.

आता ते आपापला आकडा ओरडतात. चेंडू पळाला की आवाज त्याच्यामागे पळतो, एकतीस, बत्तीस, चव्वेचाळीस, आणि समोरच्या गोलजवळ पोचला की तिथले आठ-दहा वाफेवाले एकदमच उठतात. पाहुण्यांचा गोलकीपर मध्यंतरात माझ्याकडे आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला, ही माणसं कसले इशारे करताहेत? मी म्हटलं इशारे नाहीत, वाफे आहेत. त्याला ते पटलं नाही. दुसऱ्या अर्ध्यात तो चेंडूपेक्षा पायऱ्यांकडेच जास्त बघत होता.

संध्याकाळी साहेबांनी बोलावून विचारलं, काय केलंत? मी सांगितलं, खपली तासाच्या आत दाबायची, मग मूळ धरतं आणि चेंडू पळतो. ते म्हणाले, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला असं तर नाही ना?" थोडं लागलं मनाला. वही उघडून आकडे दाखवले. कापणी, पाणी, दाबलेल्या खपल्या, सगळं तारीखवार. वही ठेवून जा म्हणाले. बैठकीत प्लास्टिकविरुद्ध हाच माझा पुरावा ठरेल.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस मनाला टोचणी आहे. शहाण्णव माणसं पास न काढता सामना बघताहेत. मी लपवलं काहीच नाही, सगळ्यांची नावं वहीत आहेत. पण होऊन सांगितलंही नाही. या दोहोंत अंतर आहे आणि ते मला नीट मोजता येत नाही. ही म्हणते, ज्याने विचारलं नाही त्याला उत्तर कशाला? देव काही म्हणत नाही. तोही बहुधा वही वाचतोय.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

वही खजिनदारांनी वाचली.

त्यांनी मला उभंच ठेवलं. शहाण्णव जागा फुकट, आणि ज्यांनी पूर्ण दर मोजला त्यांनी काय करायचं? आयत्या बिळावर नागोबा, असंही म्हणाले. मी म्हटलं, साहेब, बीळ त्यांनीच खणलंय, दर सामन्याला तीनदा खणतात. त्यांना ते आवडलं नाही. रविवारपासून मदतनीस बंद. फाटकाला कुलूप. माझं काय करायचं ते बैठकीत ठरेल.

कंडक्टरबाईंना सांगायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "सत्तावन्नात उजव्या कोपऱ्यात एक खपली सैल आहे. बघाल ना?"

२ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस एकट्याने शहाण्णव वाफे पालथे घातले. गुडघे सुजलेत. हिने शेक दिला. पण गवत असं झालंय की एकोणीस वर्षांत नव्हतं. चेंडू सोडून बघितला, पाण्यावरून गेल्यासारखा गेला. उद्या जिंकलो की सगळ्यांची तोंडं बंद होतील. गवत स्वतःच साक्ष देईल.

३ नोव्हेंबर, रविवार

हरलो. दोन-शून्य. तेही तळाच्या संघाकडून.

एकही खपली मेलेली नव्हती. चेंडू कुठेही अडखळला नाही. मी रेघेशी उभा होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं. बूट चेंडूला लागल्याचा आवाज, त्यांच्या गोलकीपरने आपल्या माणसांना हळूच सांगितलेलं, पूर्वेच्या छपरावर बसलेल्या पारव्याची फडफड. आपली मुलं चेंडू मिळाला की क्षणभर थांबायची, जशी काही कुणी आकडा सांगेल म्हणून वाट बघताहेत. तो आकडा आला नाही.

तिथेच मला कळलं. कळायला दोन महिने लागले. हिला आठ सप्टेंबरला कळलं होतं, मागची पानं उलटली तर लिहिलेलंच आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मनातलं खरं लिहितो. वाईट वाटलं ते हरल्याचं नाही. माझ्या गवताचं काही नव्हतंच, याचं. देवाचे आभार मानले होते तेही खपल्यांचे. माझ्या अहंकाराला मी भक्तीचे कपडे घातले होते.

हिला म्हटलं, "म्हणजे माझं काम फुकटच गेलं."

ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, ती माणसं आधीही ओरडायचीच की. पण यंदा ओरडली तसं कधी ओरडली होती? सत्तावन्न माझा, बावन्न माझा. ते कुणी दिलं?" आणि वर, "आता मला सगळं गवत समजावून सांगू नका. डाळीत खडे राहतील."

बैठक शुक्रवारी. आता दोन वाटा दिसतात. गवतानेच जिंकलो असं वहीतून दाखवता येतं. परवाच्या पराभवाला काहीतरी कारण देता येईल, तीन दिवस एकटाच होतो म्हणून. समिती कदाचित मानेल आणि प्लास्टिक टळेल. खरं सांगितलं तर मीच सिद्ध करीन की गवत कसलंही चालतं. मग मला ठेवायचं कारण उरत नाही.

नाम घेऊन पडलो आहे. कौल मागितला नाही. उत्तर ठाऊक असताना विचारायला लाज वाटली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

लांब टेबल, सात माणसं, सगळ्यांसमोर पाण्याचे ग्लास. साहेबांनी माझी वही पुढे सरकवली आणि म्हणाले, सांगा.

सकाळी आंघोळ करताना सगळं ठरवून ठेवलं होतं, ते आठवेना. मी म्हटलं, "रविवारी गवत आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं होतं. नव्हती ती माणसं. मी दोन महिने तुम्हाला गवताचं सांगितलं, ते माझं चुकलं. घरचं मैदान गवताने होत नाही. पूर्वेच्या बाजूला पास परवडेना, म्हणून घर रिकामं झालं."

खजिनदार लगेच म्हणाले, "म्हणजे प्लास्टिक टाकलं तरी हरकत नाही. माळीच म्हणतोय."

मी म्हटलं, हो, तसं होतं खरं.

मग प्रशिक्षक खाकरले. ते म्हणाले की रविवारी कपडे बदलताना मुलांनी त्यांना एकच विचारलं, वाफेवाले कुठे गेले. आपला कप्तान म्हणे चव्वेचाळीस नंबरात चेंडू मुद्दाम नेतो, कारण तिथल्या आजोबांना आनंद होतो. "प्लास्टिकवर काय दाबणार ती माणसं? आणि दाबायला काही नाही तर पाडणार कसले वाफे?" असं त्यांनी खजिनदारांना विचारलं. पहिल्यांदा मांजर म्हणणारे तेच.

मला बाहेर बसायला सांगितलं. तासाभराने घरी जायला सांगितलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

साहेब स्वतः मैदानावर आले. बूट ओले होतील म्हणून रेघेच्या बाहेरच उभे राहिले, तर मीच म्हटलं या आत, काही होत नाही.

निर्णय असा. पूर्वेच्या स्टँडला गेल्या वर्षीचाच दर. तोही ज्याला परवडत नसेल, त्याला वाफा राखून पास मिळेल, पण तिन्ही वेळा हजेरी हवी आणि हजेरी माझ्या वहीत. आधी ज्यांनी जादा दर मोजला त्यांना फरक परत. प्लास्टिक हा हंगाम संपेपर्यंत नाही. पुढचं पुढे. खजिनदारांनी विरोधात मत दिलं आणि ते लिहून ठेवा असंही सांगितलं.

"हंगाम संपेपर्यंतच आहे, माळी," साहेब जाताना म्हणाले. "नंतरचं मला सांगता येत नाही."

मी म्हटलं, गवताचंही तसंच असतं.

फाटकाचं कुलूप काढलं. ही दुपारी खिडकीवर गेली आणि संध्याकाळी घसा बसवून आली. दीडशे पास. वेतवाले काका पहिले होते. त्यांना वाफ्याचा पास देऊ केला तर नको म्हणाले, गेल्या वर्षीचा दर आहे ना, तो मी देईन, आणि वाफाही राखीन.

१७ नोव्हेंबर, रविवार

सामन्याआधी काम संपवून मी नेहमीच्या जागी रेघेशी उभा राहायला निघालो, तर कंडक्टरबाईंनी पायऱ्यांवरून हाक मारली. "माळीदादा, वर या. आज तुम्ही प्रवासी." मी म्हटलं, माझा नंबर कुठे आहे, शहाण्णव भरलेत. त्या थोड्या सरकल्या आणि म्हणाल्या, सत्तावन्नात उभं राहायला जागा आहे.

खालून मैदान रोज बघतो. वरून ते एवढं मोठं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. पाहुणा संघ चांगला होता. पहिला गोल त्यांचाच झाला. पायऱ्या गप्प झाल्या, मग वेतवाले काका हळूच "अकरा" म्हणाले, कारण चेंडू तिथे होता. मग बारा. मग आकडे चालू झाले. शेवटच्या दहा मिनिटांत एक-एक असताना चेंडू आपल्या मुलाकडे आला, आणि तो सत्तावन्नातून निघाला तेव्हा बाई उठल्या. त्यांच्याबरोबर मीही उठलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शब्द होता की नाही तेही माहीत नाही. बाजूच्या माणसाने माझी टोपी हवेत उडवली, ती अजून सापडलेली नाही.

दोन-एक जिंकलो.

घरी आलो तर आवाजच निघेना. हिने गरम पाणी दिलं आणि विचारलं, "गवत टिकलं का?"

मी मान हलवली. बघितलंच नाही. उद्या बघेन.